कोल्ह्याचं बारसं

बाराव्या शतकापर्यंत फ्रान्सच्या कोल्ह्याला स्वतःचं असं एक नाव होतं, गुपिल. लॅटिनकडून वारशाने आलेलं, साधं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ११७५च्या सुमारास पिएर द सँ-क्लू नावाच्या कवीने प्राण्यांच्या चावट पद्यकथा रचायला घेतल्या आणि त्यातल्या नायकाला, म्हणजे एका अट्टल लबाड गुपिलाला, चक्क माणसाचं नाव दिलं: रनार. हे जर्मन वळणाचं जुनं नाव. मूळ रूप रेगिनहार्ड, अर्थ साधारण 'मसलतीत पक्का'. या कथा इतक्या चालल्या की त्याच्यामागून आणखी कवी आले, कित्येक वर्षं त्यांत भर घालत राहिले, आणि त्या सगळ्या पसाऱ्याला 'रोमां द रनार' हे नाव पडलं. पुढच्या दोन-तीन शतकांत कुठलाही कोल्हा दिसला की लोक त्याला रनारच म्हणू लागले. आपल्याकडे वनस्पती तुपाचा डबा कुठल्याही कंपनीचा असो, पिढ्यान्पिढ्या तो 'डालडा'च राहिला, तशातलीच गत. आज फ्रेंचमध्ये कोल्ह्याला दुसरा रोजचा शब्द नाही.

(प्राणिशास्त्राच्या शिस्तीत बोलायचं तर हा युरोपातला प्राणी म्हणजे आपला कोल्हा नव्हे, तो खोकडाच्या जातीचा. पण इसापापासून द्राक्षं आंबट म्हणण्याचं काम मराठीत कोल्ह्याकडेच आहे. ते आता खोकडाकडे सोपवणं अवघड.)

रनारच्या कथांत सिंहाचा दरबार आहे. राजा सिंहाचं नाव नोब्ल, लांडग्याचं इझांग्रँ, अस्वलाचं ब्रँ, बोक्याचं तिबेर, कोंबड्याचं शांतक्लेर. एका प्रसंगी कोंबडीचं प्रेत तिरडीवर घालून दरबारात आणलं जातं आणि रनारवर खटला उभा राहतो. रनार फाशीच्या दोरापर्यंत पोचतो. मग 'पापक्षालनासाठी यात्रेला जातो' असं सांगून सुटतो. यात्रा अर्थातच पुरी होत नाही. एवढी मंडळी दरबारात होती, पण जातीचं नाव बदलून घेण्याचा मान फक्त रनारला मिळाला. इझांग्रँला तो मिळाला नाही, लांडगा आजही लू म्हणजे लांडगाच आहे. गोष्टीत मार खाणाऱ्याचं नाव भाषेत टिकत नसावं.

गंमत म्हणजे शेजाऱ्यांकडे असं काही झालं नाही. हीच कथा डच आणि जर्मन लोकांनीही डोक्यावर घेतली. खुद्द ग्योथने १७९४ साली ती आपल्या काव्यात बांधली. पण जर्मन कोल्हा 'फुक्स'च राहिला आणि डच कोल्हा 'फॉस'च. मग फ्रेंच गुपिलावरच ही पाळी का आली? काही अभ्यासक म्हणतात, शेतकऱ्यांच्या मनात आधीपासूनच कोल्ह्याचं खरं नाव घ्यायची भीती होती. नाव घेतलं की तो खुराड्याशी हजर. त्यामुळे पर्यायी नाव मिळताच लोकांनी ते पटकन उचललं. या तर्काला मुंगसाच्या चणीच्या, कोंबड्या मारणाऱ्या एका छोट्या प्राण्याची साक्ष आहे. त्याला फ्रेंच लोक 'बलेत' म्हणतात. अर्थ 'छोटी सुंदरी'. कोंबडीचं नरडं फोडणाऱ्या प्राण्याला एवढं लाडाचं नाव कुणी हौसेने देत नाही. रात्री सापाचं नाव न घेता 'लांबडं' म्हणणाऱ्या मराठी खेड्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

गुपिल शब्दाचं पुढे काय झालं? तो माणसांत जाऊन राहिला. गुपिल हे फ्रान्समध्ये आडनाव आहे. एकोणिसाव्या शतकात आदोल्फ गुपिल यांची चित्रं विकणारी मोठी पेढी होती. विन्सेंट व्हॅन गॉग नावाचा एक डच तरुण १८६९ ते १८७६ तिच्यात नोकरीला होता, आधी हेगला, मग लंडनला, मग पॅरिसला. चित्रं विकण्यात त्याचं शेवटी काही जमलं नाही. म्हणजे माणसाचं नाव कोल्ह्याने घेतलं आणि कोल्ह्याचं नाव माणसाने, आणि कुणाचीच तक्रार आली नाही. १९१० साली लुई पेर्गो या शाळामास्तर लेखकाने प्राण्यांच्या कथांचं पुस्तक काढलं, 'द गुपिल आ मार्गो', त्याला गोंकूर पुरस्कार मिळाला. नावातच दोन टोकं आहेत: गुपिल म्हणजे नाव गमावलेला कोल्हा. आणि मार्गो?

मार्गो म्हणजे मार्गरिट या नावाचं लाडकं रूप, आपल्याकडे सुमनची सुमी व्हावी तसं. आणि हीच मार्गो फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत मॅगपायची हाक आहे. मॅगपाय हा कावळ्याच्या कुळातला, काळा-पांढरा, लांब शेपटीचा, दिवसभर कटकट करणारा पक्षी. एके काळी फ्रान्समध्ये मार्गरिट नावाच्या बायका पुष्कळ असत, त्यामुळे ही हाक आली की खिडकीत बाई यायची का झाडावरून पक्षी उडायचा हे नक्की सांगता येत नसे. इंग्रजांनीही हेच केलं आहे, त्यांच्या 'मॅगपाय'मधला 'मॅग' म्हणजे मार्गारेटच.

बडबड्या पक्ष्याला बाईचं नाव ठेवणारे पुरुषच होते हे उघड आहे. पण भाषेने त्यांच्यावर परस्पर सूड उगवला. फ्रेंचमध्ये चुरूचुरू बडबड करणं याला 'जाकासे' म्हणतात, आणि बऱ्याच कोशकारांच्या मते हे क्रियापद जाक या पुरुषी नावावरून आलं आहे. गावोगावी निळ्या पंखपट्टीच्या, कर्कश ओरडणाऱ्या झे पक्ष्याला जाक म्हणत. काही ठिकाणी त्यालाच रिशार म्हणत. आणि झे हा त्याचा प्रमाण फ्रेंच शब्द? तोही बहुधा गाइउस या रोमन माणसाच्या नावावरून आलेला. जूलिअस सीझरचं पहिलं नाव गाइउसच होतं. पक्ष्याला पहिलं नाव मिळालं रोमन, मग त्याच्यावर ख्रिस्ती नावं चढत गेली. घर बदललं की पाटी बदलते, तसा धर्म बदलल्यावर या पक्ष्याच्या घराची पाटी बदललेली दिसते.

या सगळ्याचा हिशेब मांडला एजेन रोलाँ या गृहस्थाने. १८७७ साली त्यांनी 'फोन पोप्युलेर द ला फ्रान्स', म्हणजे फ्रान्समधल्या प्राण्यांविषयीच्या लोकज्ञानाचा ग्रंथ काढायला सुरुवात केली आणि तो तेरा खंडांवर गेला. त्यात एकेका पक्ष्याची गावागावांतली नावं अशी रांगेने लागली आहेत की वाचणाऱ्याला वाटावं, एखाद्या पंचायतीची मतदारयादी उघडली आहे. चिमणीला पिएरो, म्हणजे पिएरचा बबड्या. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो चिमुकला किडा दक्षिणेत कातरिनेता, म्हणजे छोटी कॅथरिन, तर मधल्या भागात मारीव्होल, म्हणजे उडणारी मारी. ससा ला फोंतेनच्या गोष्टींत जाँ लापँ झाला आणि घराघरांत जानो.

पोपटाचं प्रकरण जरा निराळं आहे, कारण पोपट स्वतःच नाव सांगतो. फ्रेंचमधला पेरोके हा शब्द बहुतेक पिएरच्याच पेरो या लाडक्या रूपावरून आला आणि इंग्रजीतला 'पॅरट'ही त्याच वाटेने गेला असं मानतात. आफ्रिकेतल्या करड्या पोपटाला जाको म्हणतात. पिंजऱ्यातला पक्षी माणसासारखा बोलतो म्हटल्यावर त्याला माणसाचं नाव द्यायचं, आणि मग तेच नाव त्याच्याकडून दिवसभर घोकून घ्यायचं, असा हा शिक्षणक्रम. इथे मराठी माणसाने फार हसू नये. आपला पोपट राघू आहे, आणि राघू हे पंढरीच्या वाटेवरच्या कितीतरी वारकऱ्यांचंही नाव आहे. शिवाय मधमाश्या मटकावणाऱ्या त्या हिरव्या, चलाख पक्ष्याला मराठीने 'वेडा राघू' केलं आहे. तो वेडा नाही, आणि पोपट तर मुळीच नाही. पण एकदा नाव पडलं की पडलं.

सॉंसोने हे या यादीतलं सर्वांत धाडसी नाव. आपल्या भोरड्यांच्या जातकुळीतला हा पक्षी वीतभर लांबीचा, ठिपकेदार. त्याचं नाव सॉंसों या नावाला लघुत्वाचा प्रत्यय लावून केलं आहे. सॉंसों म्हणजे मराठी बायबलातला शमशोन, गाढवाच्या जबड्याच्या हाडाने हजार माणसं लोळवणारा. मूठभर पक्ष्याला 'बारका शमशोन' म्हणणाऱ्या खेडुताला विनोदाची उपजत समज होती यात शंका नाही. उत्तरेच्या समुद्रात गियमो पक्षी असतो, त्याच्या नावात गिय्योम दडलेला आहे, इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचं फ्रेंच नाव. त्या राजाने हेस्टिंग्जची लढाई जिंकली. हा पक्षी कड्याच्या कपारीत एकच अंडं घालून त्यावर बसतो.

सापमार गरुडाला मात्र फ्रेंच लोकांनी चांगलाच घरगुती करून टाकलाय. महाराष्ट्राच्या माळांवरही आकाशात एका जागी पंख मारत थांबलेला दिसणारा हा मोठा शिकारी पक्षी फ्रान्समध्ये जाँ-ल-ब्लाँ आहे. म्हणजे गोरा जाँ, पोटाकडून पांढरा दिसतो म्हणून. पिएर बलों या निसर्गशास्त्रज्ञाने १५५५ साली लिहून ठेवलं आहे की खेड्यातले लोक या पक्ष्याला चांगलं ओळखतात, कारण तो त्यांच्या कोंबड्या पळवतो. ओळख अशी नुकसानीतून झालेली असली की नाव आपोआप माणसाचं पडतं. तक्रार करायची तर कुणाच्या तरी नावाने करावी लागते.

बेर्नारचं काम तिहेरी आहे. रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटून फिरणारा जो खेकडा, त्याला फ्रेंच 'बेर्नार लेर्मित' म्हणजे बेर्नार संन्यासी म्हणतात. दुसऱ्याच्या घरात राहणारा संन्यासी ही कल्पना ज्याला सुचली त्याने मठ जवळून पाहिले असावेत. स्पेनच्या सीमेलगतच्या कातालान भाषेत राखी बगळाही बेर्नात आहे, बेर्नात पेस्काइरे, मासेमार बेर्नात. तासन्‌तास एका पायावर, डोळे मिटल्यासारखे. संन्यासाचा हाही प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा. आणि त्याच भाषेत हात लागताच घाण वास सोडणारा हिरवा ढेकूणकिडा 'बेर्नात पुदेन्त' आहे, म्हणजे घाणेरडा बेर्नात. त्या टापूत बेर्नात नावाच्या मुलाचं लहानपण कसं जात असेल?

तिकडे ब्रिटनीत कारभारच वेगळा. ब्रेतों ही फ्रेंचची बोली नव्हे, ती केल्टिक भाषा, पण सवय तीच. तिथल्या लोककथांत कोल्हा अलान असतो, लांडगा ग्विलू म्हणजे पुन्हा तो गिय्योमच. दक्षिणेला पिरेनीजच्या डोंगरात अस्वलाला नाव घेऊन हाकच मारत नाहीत, 'लू मुस्यू' म्हणतात: साहेब. अंगावर चाल करून येण्याची शक्यता असलेल्याला साहेब म्हणावं हा शहाणपणा कचेऱ्यांपुरता मर्यादित नाही.

आता मार्तां. आपण ज्याला मार्टिन म्हणतो तो. तूरचे संत मार्तां हे मूळचे रोमन सैन्यातले शिपाई. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्यांनी आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिला ही त्यांची कथा. ३९७ साली ते वारले आणि ११ नोव्हेंबर हा त्यांचा सण ठरला. पुढे फ्रान्समध्ये त्यांच्या नावाची इतकी चर्चेस, गावं आणि पोरं झाली की आज मार्तां हे तिथलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आहे. एवढी माणसं झाल्यावर नाव प्राण्यांकडे सांडणारच. गाढव मार्तां झालं. जत्रेत मार्तां नावाची गाढवं एकापेक्षा जास्त असतात अशी म्हणच आहे, म्हणजे नुसत्या नावावरून कुणाला ओळखल्याचा दावा करू नका. दरवेशाचं अस्वल मार्तां झालं, आणि पॅरिसच्या वनस्पती-उद्यानातल्या खड्ड्यातलं अस्वलही. खंड्या पक्षी मार्तां-पेशर झाला, म्हणजे मासेमार मार्तां. पाकोळी मार्तिने झाली. हिवाळ्याच्या तोंडाशी, संतांच्या सणाच्या सुमारास दिसणारा करडा भोवत्या 'ब्युझार सँ-मार्तां' झाला. एकट्या भोवत्याला 'संत' ही पदवी मिळाली, बाकीच्यांना नुसतंच नाव. गाढवाच्या बाबतीत हे योग्यच झालं.

मजा अशी की प्राण्यांना एवढी मोकळीक देणाऱ्या या देशात माणसांना ती नव्हती. १८०३च्या कायद्याने फ्रान्समध्ये मुलाचं नाव प्रचलित पंचांगांतल्या नावांतून किंवा प्राचीन इतिहासातल्या प्रसिद्ध व्यक्तींवरूनच ठेवता येई. बाकीच्यांना नगरपालिकेचा कारकून नकार देऊ शकत होता. पुढे यात ढिलाई येत गेली, तरी आईबापांना खरी मुभा मिळाली ती १९९३ साली. तोपर्यंत कारकुनासमोर आईबाप घासाघीस करत बसले असताना बाहेर झाडावरची मार्गो मात्र बिनपरवाना मार्गो होती.

नावाच्या या खेळात सर्वांत मोठी किंमत मोजली ती एका खारीने.

पश्चिम फ्रान्समधल्या आँजू भागाच्या बोलीत खारीला फुके म्हणतात. फुल्क हे जुनं नाव, आँजूच्या कितीतरी सरदारांचं. त्याचं लाडकं रूप फुके, तेच खारीला लागलं. फुके आडनावाच्या तिथल्या घराण्याने मग आपल्या ढालीवर लाल खार मिरवली, मागच्या पायांवर उभी. बरोबर लॅटिन बोधवाक्यही होतं, साधारण अर्थ 'ही कुठवर चढणार नाही?' या घराण्यातला निकोला फुके चौदाव्या लुईचा अर्थमंत्री झाला आणि खरोखरच चढत गेला. व्हो-ल-व्हिकोंत इथे त्याने राजालाही हेवा वाटावा असा महाल बांधला आणि १७ ऑगस्ट १६६१ला राजाला मेजवानी दिली. मोलिएरचं नवं नाटक, कारंजी, आतषबाजी. राजा तेव्हा बावीस वर्षांचा होता, आणि स्वतःच्या मंत्र्याचं घर आपल्यापेक्षा चांगलं असणं त्याला मानवणारं नव्हतं. शिवाय राजाच्या कानाशी फुकेचा प्रतिस्पर्धी कोल्बेर बसला होता. त्याच्या ढालीवर काय होतं? साप. कोल्बेर या नावाचा सांधा त्या घराण्याने लॅटिनमधल्या 'कोलुबेर' म्हणजे साप या शब्दाशी जुळवला होता. फ्रान्सच्या तिजोरीची लढाई अशी साप आणि खारीत लागली.

५ सप्टेंबरला, राजाच्या तेविसाव्या वाढदिवशी, नांत शहरात फुकेला अटक झाली. अटक करणारा होता दार्तान्यां, जो पुढे ड्युमाच्या कादंबरीमुळे अमर झाला तो खराखुरा माणूस. तीन वर्षं खटला चालला. न्यायाधीशांनी हद्दपारी सुनावली. राजाला ती सौम्य वाटली, म्हणून त्याने ती जन्मठेपेत बदलली, आणि अशी 'सुधारणा' करण्याचा हक्क राजाला होता. आल्प्समधल्या पिन्यरॉलच्या किल्ल्यात १६८०मध्ये फुके मेला. त्याच्या बाजूने आवाज उठवणाऱ्यांत एक ला फोंतेन होता, ज्याने व्होच्या जलपऱ्यांना उद्देशून त्याच्यासाठी दयायाचनेचं काव्य लिहिलं. प्राण्यांच्या तोंडून माणसांचे स्वभाव सांगणाऱ्या कवीचा आश्रयदाता खार असावा, याहून योग्य जुळणी ला फोंतेनलाही करता आली नसती.

कुत्र्यांत चपट्या नाकाच्या, काळ्या थोबाडाच्या पगला फ्रेंच लोक कार्लां म्हणतात. हे नाव एका नटाचं. कार्लो बेर्तिनात्सी, जन्म १७१० तुरिन, मरण १७८३ पॅरिस. पॅरिसच्या इटालियन रंगमंचावर तो आर्लेकां या विदूषकाची भूमिका करायचा, काळा मुखवटा घालून. त्याचं लाडकं नाव कार्लां. त्याच्या त्या मुखवट्यावरून कुत्र्याची पूर्ण जात त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. नटाला मरणोत्तर पुरस्कार मिळण्याची ही तऱ्हा जगात फार कुणाला लाभली नाही.

मेंढा हा रोबँ. राबले या फ्रेंच लेखकाच्या १५५२च्या पुस्तकात मेंढरांचा व्यापारी पानुर्ज या पात्राची टर उडवायला त्याला म्हणतो, हा मेंढा रोबँ आहे, तुझ्यासारखाच. पानुर्ज त्यातला एक मेंढा पैसे मोजून विकत घेतो आणि समुद्रात फेकतो, मग बाकीचे ओळीने त्याच्या मागे उड्या टाकतात, व्यापाऱ्यासकट. या रोबँची गंमत इथे थांबत नाही. पाण्याच्या तोट्या पूर्वी अनेकदा मेंढ्याच्या डोक्याच्या आकाराच्या असत, म्हणून तोटीला 'रोबिने' म्हणू लागले. रोबिने म्हणजे बारका रोबँ. आजही पॅरिसमध्ये आंघोळीचा नळ सोडणारा माणूस न कळत मेंढ्याचा कान पिळत असतो.

प्रत्येक वेळी नाव लाडाने किंवा रागाने पडतं असं नाही. कधी केवळ गोंधळ टाळायला पडतं. जूल जिल्येरों या स्विस भाषाशास्त्रज्ञाला फ्रान्सभरच्या बोलींचा नकाशा काढायचा होता. माहिती गोळा करायला त्याने एदमों एदमों या उत्तरेकडच्या माजी किराणा दुकानदाराला पाठवलं, कारण त्याचा कान तिखट होता. एदमोंने १८९७ ते १९०१ या काळात ६३९ ठिकाणी लोकांना एकेका वस्तूला काय म्हणता ते विचारलं आणि ऐकलं तसं लिहून घेतलं. १९०२पासून ते नकाशे छापले जाऊ लागले. त्यांत गास्कोनी प्रांतात एक विचित्र गोष्ट दिसली. तिथल्या उच्चारांच्या नियमाने लॅटिनमधला 'गाल्लुस' म्हणजे कोंबडा 'गात' झाला, आणि 'कात्तुस' म्हणजे मांजरही 'गात'च झालं. आता 'गात'ने 'गात' खाल्ला असं शेतकऱ्याने सांगितलं तर शेजाऱ्याने कुणाबद्दल हळहळ व्यक्त करायची? तेव्हा कोंबड्याचं नाव बदलणं भाग होतं. काही भागांत त्याला 'तितर' जातीतल्या फेझंटचं नाव मिळालं, तर काही भागांत 'बिगे'. 'बिगे' म्हणजे लॅटिनमधला 'विकारिउस', वरिष्ठाच्या वतीने कारभार पाहणारा: कुणाच्या मते चर्चचा दुय्यम पाद्री, कुणाच्या मते न्यायनिवाडा करणारा अंमलदार. उकिरड्यावर मान वर करून चालणारा, पहाटे सगळ्यांना उठवणारा आणि स्वतः काहीच न करणारा. दोन्ही अर्थ लागू पडतात, त्यामुळे भांडण मिटवायची निकड कुणाला वाटली नसावी.

कधी नाव नुसत्या शेजारामुळेही चिकटतं. बाजारात कोलँ नावाचा मासा मिळतो. कोलँ म्हणजे निकोलाचं लाडकं रूप हे कुणीही सांगेल, पण मूळ शब्द कोळशाच्या रंगावरून पडलेलं परभाषेतलं माशाचं नाव होतं, ते निकोलाच्या नावाजवळून गेलं आणि तसंच झालं. याउलट अमेरिकेत कोलँ नावाचा लाव्यासारखा पक्षी असतो, त्याचा निकोलाशी काडीचा संबंध नाही. त्याचं नाव मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतलं.

विद्वानांनी हेच काम करायला घेतलं तेव्हा ते जरा नाजूक झालं. अठराव्या शतकातल्या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञांनी फुलपाखरांना नावं दिली ती मेंढपाळांच्या प्रेमकाव्यांतली आणि दंतकथांतली: तिर्सिस, मिर्तिल, त्रिस्तां. कुणा खेडुताने हे फुलपाखरू बघून 'अरे, तिर्सिस आला' असं म्हटलं नाही. लोकांच्या तोंडी नाव जातं ते शेजारच्या माणसाचं, कवितेतल्या मेंढपाळाचं नव्हे. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या फ्रेंच शिपायांनी उंदरांना गास्पार म्हटलं आणि उवांना तोतो. त्यासाठी कुणी समिती नेमली नव्हती. उंदीर गास्पारने पाव खाल्ला, एवढंच सांगायचं होतं.

आणि शेवटचा एक मार्तां, जो इकडून तिकडे गेला. फ्रेंच पक्षितज्ज्ञ आपल्या साळुंकीला 'मार्तां त्रिस्त' म्हणतात, उदास मार्तां. प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनेअसने १७६६ साली तिला लॅटिनमध्ये 'त्रिस्तिस' म्हणजे उदास म्हटलं. त्याने बहुधा जिवंत साळुंकी पाहिली नसावी. अठराव्या शतकात हिंदी महासागरातल्या बूर्बों बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियोंवर, टोळांचा उपद्रव झाला तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्यांनी टोळ खायला भारतातून साळुंक्या नेल्या. ब्युफों या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने आपल्या पक्षिग्रंथात या प्रयोगाची हकीकत दिली आहे. टोळ कमी झाले. मग लोकांना साळुंक्या नव्या पेरलेल्या शेतात उकरताना दिसल्या. त्या दाणे खातात असा समज झाला आणि त्यांच्यावर रीतसर खटला भरला गेला. बचावाची बाजूही मांडली गेली, पण निकाल विरुद्ध गेला आणि लोकांनी त्यांची कत्तल केली. टोळ परत आले. काही वर्षांनी साळुंक्या पुन्हा आणाव्या लागल्या, या वेळी कायद्याच्या संरक्षणात, आणि कुणी मारून खाऊ नये म्हणून वैद्यांनी त्यांचं मांस प्रकृतीला वाईट असल्याचं जाहीर केलं.

शेजारच्या मॉरिशसमध्येही साळुंकी अठराव्या शतकातच पोचली. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी-साताऱ्याकडून मराठी मजूर तिथे ऊसमळ्यांवर कामाला गेले, तेव्हा त्यांच्या गावातला हा पक्षी त्यांच्या आधीच तिथे येऊन, क्रिओलमध्ये मार्तां बनून बसला होता. आज जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांची जी यादी जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने केली आहे, तिच्यात पक्षी तीनच आहेत, आणि त्यांतली एक साळुंकी आहे.